लहान गाडीला १४ ऐवजी १६ इंची अलॉय घालण्याआधी

तुमचा प्रश्न मला असा समजला. गाडी लहान हॅचबॅक आहे, रोज कामाला जायची-यायची. कंपनीने दिलेल्या १४ इंची स्टील रिम आहेत आणि त्यावर १७५/६५ आर१४ टायर. टायर झिजत आलेत, म्हणून याच वेळी १६ इंची अलॉय आणि थोडे रुंद टायर घालावेत असं तुमच्या मनात आहे. गाडी उठून दिसावी, पावसात ब्रेक मारल्यावर ती सरकू नये, आणि अॅव्हरेज मात्र पडू नये. शेवटी तुम्ही विचारलंय, "१६ इंच बसेल का?"

बहुतेक बसेल. गेली २२ वर्षं मी टायर बसवणं, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट हेच काम करतो, आणि चाक बसलंच नाही म्हणून परत आलेलं गिऱ्हाईक क्वचितच पाहिलंय. लोक परत येतात ते बसलेल्या चाकाची तक्रार घेऊन. स्टिअरिंग थरथरतं, मागे माणसं बसली की टायर घासतो, आठवड्याला हवा उतरते, गाडी पूर्वीसारखी पळत नाही. म्हणून आधी तुमच्या तीन अपेक्षा सुट्या करू. पकड येते टायरच्या रबरातून आणि नक्षीतून. रूप येतं रिममधून. अॅव्हरेज आणि पिकअप ठरतात चाकाच्या वजनावर, टायरच्या जातीवर आणि त्यातल्या हवेवर. १६ इंची रिम यातलं रूप नक्की देते. पावसातल्या ब्रेकसाठी तुम्हाला पैसे रबरात घालावे लागतील, आणि रिमवर सगळे पैसे संपले की टायर स्वस्तातला घेतला जातो. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की माझा पहिला सल्ला कायम तोच असतो: आधी टायर निवडा, उरलेल्या पैशात रिम बघा.

आता आकडे. १७५/६५ आर१४ मध्ये १७५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या धाग्यांची रचना (पुष्कळ जण त्याला रेडियस समजतात). १४ हा रिमचा व्यास इंचांत. म्हणजे बाजूची भिंत साधारण ११४ मिमी, आणि वर-खाली दोन्ही भिंती धरून अख्ख्या चाकाचा व्यास ५८३ मिमी. हा ५८३ लक्षात ठेवा. स्पीडोमीटर, गिअरचं प्रमाण, एबीएस, मडगार्डच्या आतली जागा, सगळं या आकड्याच्या हिशोबाने बसवलेलं असतं. रिम मोठी घेतली तरी अख्खं चाक तेवढंच राहायला हवं. फरक दीड-दोन टक्क्यांच्या आत असेल तर मी निर्धास्त असतो, ३ टक्क्यांच्या पुढे गेला तर बसवायला नको म्हणतो.

१५ इंचासाठी १८५/५५ घेतला तर व्यास येतो ५८४.५ मिमी, जवळजवळ तंतोतंत. १६ साठी १९५/४५ घेतला तर ५८२ मिमी, तोही बरोबर. पण दुकानात सहज मिळतो म्हणून १८५/६० आर१५ घातला तर ६०३ मिमी होतात, ३.४ टक्के जास्त. मीटर ८० दाखवत असताना गाडी खरं तर पावणेत्र्याऐंशीच्या हिशोबाने पळते, चढावर गिअर जड वाटतो, आणि पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला लागू शकतो. गाडी १० मिमी उंच होते हा त्यातला एकच फायदा, आणि लोक नेमके त्यालाच भुलतात.

व्यास तेवढाच ठेवून रिम वाढवली की कमी काय होतं? भिंत. १४ वर ती ११४ मिमी होती, १५ वर १०२, १६ वर ८८. यातला काही भाग रिमच्या कडेआड लपलेला असतो, म्हणजे प्रत्यक्षात दबू शकणारी उंची याहूनही कमी. खड्ड्याची धार टायरवर आली की भिंत दबते आणि आतली हवा तो मार पचवते. भिंत कमी पडली तर धार आणि रिम यांच्यामध्ये रबर चिमटतं, आतले धागे तुटतात, आणि काही दिवसांनी टायरच्या बाजूला फुगा दिसतो. अशा फुग्याला दुरुस्ती नाही. टायर गेला.

कधीकधी टायर वाचतो आणि रिम जाते. एकदा एक गाडी दर आठवड्याला हवा कमी होते म्हणून आली होती. मालकाने व्हॉल्व्ह दोनदा बदलला होता. चाक काढून पाण्यात बुडवलं तर बुडबुडे रिमच्या आतल्या कडेपासून येत होते, केसाएवढी तड्याची रेघ. बाहेरून ते चाक नव्यासारखं दिसत होतं. खड्ड्याचा मार बऱ्याचदा आतल्या कडेवर बसतो आणि तिथे बघायला कोणी जात नाही. स्टील रिम अशा वेळी वाकते आणि ठोकून बऱ्यापैकी सरळ होते. ओतीव अलॉय थोडी वाकते आणि मग तडकते. तडा वेल्डिंगने बुजवून रंग मारलेल्या रिम बाजारात फिरत असतात, म्हणून जुनी अलॉय घेताना टायर काढलेल्या अवस्थेत, आतल्या बाजूने, चांगल्या उजेडात बघितल्याशिवाय घेऊ नका.

तर तुमच्या गाडीसाठी माझं मत १५ इंच, १८५/५५. रूप बदलतं, स्टिअरिंगला थोडा नेमकेपणा येतो, आणि भिंत फक्त १२ मिमी कमी होते. १६ ला २६ मिमी जातात. तेवढं सोडावं का, हे मी परस्पर सांगू शकत नाही, कारण ते तुमच्या रस्त्यांवर आणि वापरावर आहे. रोजचा रस्ता गुळगुळीत असेल, गाडीत बहुतेक तुम्ही एकटेच असाल आणि दर आठवड्याला हवा तपासायची सवय असेल, तर १६ वर वर्षानुवर्षं सुखाने चालणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे आहेत. रोजच्या वाटेवर रस्त्याचं काम चालू असेल, अंधारात यावं लागत असेल, मागे माणसं आणि डिकीत सामान असेल, तर १६ चा विचार सोडा.

तिसरा एक मार्ग कोणी सुचवत नाही, कारण त्यात विकण्यासारखं फारसं नसतं. आहे त्याच स्टील रिमवर १८५/६० आर१४ टायर, चांगल्यातला चांगला. व्यास ५७८ मिमी, एक टक्क्याहून कमी फरक. ५ किंवा साडेपाच इंच रुंदीच्या रिमवर तो नियमात बसतो. तुम्हाला पावसातला ब्रेक खरंच महत्त्वाचा असेल आणि हात आखडता असेल, तर माझ्या घरच्या माणसाला मी हेच सांगेन.

रुंदीबद्दल एक गैरसमज काढायला हवा. टायर रुंद म्हणजे पकड जास्त, असं सरसकट नसतं. जमिनीला टेकलेला भाग मुख्यतः गाडीच्या वजनावर आणि आतल्या हवेवर ठरतो. रुंद टायरमध्ये त्या भागाचा आकार बदलतो, लांबीला कमी आणि रुंदीला जास्त होतो. कोरड्या वळणावर याचा उपयोग होतो. साचलेल्या पाण्यात मात्र रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि हलक्या गाडीखाली तो लवकर तरंगतो. पाणी बाहेर काढायचं काम नक्षीच्या खोल चरांचं. नव्या टायरमध्ये ते साधारण ८ मिमी असतात. चरांमध्ये मधूनमधून जे छोटे उंचवटे असतात ते १.६ मिमीची खूण आहेत. तिथपर्यंत झीज पोचली की टायर संपला. पण पावसातली पकड त्याच्या बरीच आधी उतरू लागते, म्हणून मी ३ मिमीलाच बदलायला सांगतो. तुम्ही "झिजत आलेत" म्हणताय, तर पावसात गाडी सरकण्याचं निम्मं कारण तिथेच असावं.

आता रिमकडे. पीसीडी, म्हणजे नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, दुकानदार आपणहून बघतो, कारण तो जुळला नाही तर चाक चढतच नाही. लहान गाड्यांत ४×१०० पुष्कळ दिसतो. ४×१०८ आणि ४×११४.३ पण आहेत. यावर अधिक बोलायची गरज नाही. घोळ होतो तो पुढच्या दोन मापांत.

पहिलं माप मधलं भोक. गाडीच्या हबचा (ज्यावर चाक चढवतात त्या भागाचा) गोल उंचवटा रिमच्या मधल्या भोकात घट्ट बसावा लागतो, त्यानेच चाक मध्यावर येतं. बाहेरच्या अलॉय अनेक गाड्यांना चालाव्यात म्हणून हे भोक मुद्दाम मोठं ठेवतात. समजा हब ५४.१ मिमी आहे आणि रिमचं भोक ६७.१. मध्ये १३ मिमीचा फरक, आणि चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यावर. एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, चार वेळा बॅलन्सिंग करूनही ९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक शंकूसारख्या ठोकळ्याने मध्यावर धरलेलं असतं, तिथे ते निर्दोष दिसणारच. गाडीवर चढवलं की ते केसभर बाजूला बसायचं. मी हबच्या मापाच्या चार रिंगा घातल्या आणि थरथर तिथेच थांबली. रिंग ही छोटी वस्तू आहे, पण रिम घेतानाच तुमच्या हबच्या मापाची मागून घ्या. मी अॅल्युमिनियमची पसंत करतो, प्लास्टिकची ब्रेकच्या उष्णतेने खराब झालेली पाहिली आहे.

दुसरं माप ऑफसेट, रिमवर ईटी म्हणून कोरलेलं असतं (आइनप्रेसटीफ या जर्मन शब्दाचं लघुरूप). रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यातलं अंतर, मिलिमीटरमध्ये. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. उदाहरण घेऊ. मूळ रिम ५.५ इंच रुंद, ईटी ४५. नवी ६.५ इंच, ईटी ३८. रुंदी एक इंचाने वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. ऑफसेट ७ ने कमी, म्हणजे अख्खं चाक ७ मिमी बाहेर. बाहेरची कड १९.७ मिमी बाहेर जाते, आतली ५.७ मिमी आत सरकते. जवळजवळ दोन सेंटिमीटर चाक बाहेर! काहींना ते रूप आवडतं. पण व्हील बेअरिंगवरचा ताण वाढतो, एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग हिसका देतं, चिखल दारांवर उडतो, आणि पाच माणसं बसून गाडी गतिरोधकावरून उतरली की टायर मडगार्डच्या कडेला लागतो. उलट ईटी फार जास्त घेतला तर चाक आत जाऊन शॉकअॅब्सॉर्बरला टेकायची भीती. मूळ आकड्याच्या ५ मिमी अलीकडे-पलीकडे राहिलात तर सहसा काही बिघडत नाही. १८५/५५ साठी ६ इंच रुंदीची रिम उत्तम, साडेसहाच्या पुढे नको. आणि चाक बाहेर काढायला स्पेसर (हब आणि रिमच्या मध्ये घालायची चकती) लावायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

रिम चांगली की नाही हे ओळखायला तिच्या पाठीमागे बघा. तिथे किती किलो भार पेलते ते कोरलेलं असावं, शिवाय जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए यांसारखी चाचणीची खूण. या दोन खुणा जपानी मानकांच्या आहेत. तिथे काहीच नसेल, तर समोरचा चेहरा कितीही देखणा असो, मी ती रिम बसवत नाही. वजनही विचारा, नाहीतर काट्यावर ठेवून बघा. अलॉय म्हणजे हलकी असं लोक धरून चालतात, पण स्वस्त ओतीव १६ इंची अलॉय तुमच्या १४ इंची स्टीलपेक्षा जड निघू शकते. चाक फिरवायचंही असतं आणि पुढेही न्यायचं असतं, त्यामुळे टायरच्या नक्षीपाशी वाढलेला एक किलो वेग घेताना जवळजवळ दोन किलोइतकी ताकद मागतो. लहान इंजिनाला ते जाणवतं. तुमच्या अॅव्हरेजचा प्रश्न इथे दडलेला आहे. ओतीव रिमचा पिंप (टायर ज्यावर बसतो तो गोल पट्टा) तापवून दाबत लांबवतात त्याला फ्लो-फॉर्म म्हणतात. ती रिम हलकी आणि मजबूत असते. घडीव, म्हणजे फोर्ज्ड रिम त्याहून सरस, पण रोजच्या लहान गाडीला तेवढा खर्च मला पटत नाही.

टायर घेताना मापापुढचा आकडा आणि अक्षर वाचा. तुमच्या टायरवर बहुधा ८२टी असेल. ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलो, टी म्हणजे ताशी १९० किमी. नवा टायर यापेक्षा खाली जाता कामा नये. १८५/५५ आर१५ मध्ये ८२ सहज मिळतो. १९५/४५ आर१६ मध्ये ८० आणि ८४ एक्सएल (जास्त भारासाठी मजबूत केलेला) असे दोन्ही येतात. ८० म्हणजे ४५० किलो, तुमच्या गाडीला कमी. ८४ म्हणजे ५००, पण एक्सएल टायरला तेवढंच वजन पेलायला सहसा जास्त हवा लागते, आणि जास्त हवा म्हणजे आणखी कडक बसणी. १६ इंचाचा हा खर्च दुकानात कोणी बोलून दाखवत नाही.

बाजूला डीओटीच्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा. २३२४ असेल तर टायर २०२४ च्या २३व्या आठवड्यात बनलेला. नवा म्हणून घेतलेला टायर वर्षाच्या आतला असावा असा माझा आग्रह असतो, आणि चारही एकाच जातीचे. पैशाअभावी दोनच घेतलेत तर नवे मागे लावा, गाडी पुढून ओढणारी असली तरी. ओल्या वळणावर मागचा भाग सुटला तर सामान्य चालकाला गाडी सावरता येत नाही.

खरेदीला जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: मूळ रिमची रुंदी आणि ईटी, हबचा व्यास, मूळ टायरचा भारांक (८२ सारखा मापापुढचा आकडा), आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा हवेचा आकडा. बदललेली चाकं तुमच्याकडच्या वाहन नियमांत आणि विम्यात चालतात का, हेही पैसे देण्याआधी विचारून घ्या. आगाऊ देताना एक अट घाला. एकच रिम टायरसकट पुढच्या चाकाला चढवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचं, ब्रेकच्या कॅलिपरला लागत नाही ना ते पाहायचं, मग मागे दोन-तीन माणसं बसवून तसंच मागच्या चाकाला. टायर एकदा रस्त्यावर फिरला की दुकानदार परत घेत नाही.

बसवताना नटांवर लक्ष ठेवा. अलॉयच्या भोकाचा आकार शंकूसारखा असेल तर नट शंकूचाच हवा, गोल बुडाचा असेल तर गोल. चुकीचा नट कडेवर टेकतो, घट्ट वाटतो आणि चालता चालता सैल होतो. अलॉय हबपाशी जाड असते, म्हणून नट पुरेसा आत जातो का तेही मोजा. १२ मिमीचा स्टड आणि १.५ मिमीचा आटा असेल तर निदान ८ पूर्ण फेरे बसायला हवेत. आट्याला तेल किंवा ग्रीस लावू देऊ नका, त्याने पाना सांगतो त्यापेक्षा नट जास्त आवळला जातो. हवेवर चालणाऱ्या गनने शेवटचं आवळू देऊ नका. समोरासमोरचे नट आळीपाळीने, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला. लहान गाड्यांत तो साधारण ८० ते ११० न्यूटन-मीटर असतो. मग ५० ते १०० किमी चालवून पुन्हा एकदा तपासा. अलॉयचा रंग आणि टेकणारी जागा दबून नट किंचित सैल होतात, हे चांगल्या रिममध्येही होतं.

जुन्या चार स्टील रिम विकायची घाई करू नका. त्यातली सरळ असलेली एक आणि बऱ्यापैकी नक्षी शिल्लक असलेला टायर स्टेपनी म्हणून ठेवा. नव्या चाकाचा व्यास आपण ५८३ च्या जवळ राखलाय, म्हणून ती स्टेपनी पंक्चर काढायच्या दुकानापर्यंत विनातक्रार नेईल. तिच्याजवळ पिशवीत जुने चार नट ठेवा. अलॉयचे नट स्टील रिमला नीट बसतीलच असं नाही, आणि ते रात्री रस्त्याच्या कडेला कळून उपयोग नाही. हबचं माप आणि रिमवरचा ईटी काढलात की मला कळवा, घ्यायच्या आधी एकदा हिशोब तपासून देतो.